हेलियम विजयदुर्गावर सापडला? शास्त्रज्ञ आणि शोधांवरचे प्रश्न नेमके कसे विचारावेत

पाटीपेन्सिल

विज्ञान दिनाच्या प्रश्नमंजुषांमध्ये एक प्रश्न हमखास असतो: 'हेलियमचा शोध महाराष्ट्रातल्या कोणत्या किल्ल्यावर लागला?' उत्तर छापलेलं असतं: विजयदुर्ग, १८६८, नॉर्मन लॉकियर.

यातला किल्ला खरा, माणूस खरा, सालही खरं. पण ही तिन्ही एका ठिकाणी कधीच आली नाहीत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गावर ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर हेलियम प्रयोगशाळेत मिळूनही तीन वर्षं होत आली होती.

माझं म्हणणं एवढंच, की 'शोध कोणी लावला' या साच्यातले प्रश्न बहुतेक वेळा नासतात. शोध टप्प्याटप्प्यानं लागतो, आणि प्रश्न विचारणारा कोणता टप्पा हे सांगत नाही. टप्पा, तारीख किंवा उपकरण प्रश्नातच घातलं की उत्तर एकच उरतं आणि मुलं त्यातून काहीतरी शिकतात. या धाग्यावर असे नासलेले प्रश्न आणि त्यांची दुरुस्ती गोळा करू. प्रत्येकानं प्रश्नाबरोबर त्यामागचं कामही लिहावं. नुसतं नाव-साल नको.

वर्णपट

चांगला धागा. १८६८ पासूनच सुरुवात करतो.

त्या ग्रहणाचा खग्रास पट्टा कोकण किनाऱ्यावर शिरून जमखंडी, गुंटूर, मछलीपट्टण असा पूर्वेला गेला. विजयदुर्गही या पट्ट्यात येतो, म्हणून घोळाला जागा मिळाली. पण निरीक्षक कुठे होते ते नीट नोंदलेलं आहे. रॉयल सोसायटीच्या वतीनं लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला. मेजर टेनंट गुंटूरला. फ्रान्सचे जूल जान्सेन हेही गुंटूरला. मद्रास वेधशाळेचे पॉग्सन मछलीपट्टणला. त्याच वेधशाळेचे चिंतामणी रघुनाथाचारी वनपर्तीला. या शेवटच्या नावावर एक स्वतंत्र प्रश्न व्हायलाच हवा. भारतीय निरीक्षकांची नावं प्रश्नसंचांत जवळजवळ येतच नाहीत.

यांतल्या बऱ्याच जणांनी सूर्याच्या कडेला उसळणाऱ्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे प्रकाशाचे रंग फाकवून दिसणारा पट्टा, पाहिला आणि त्यात तेजस्वी रेषा दिसल्या. म्हणजे ज्वाळा तप्त वायूच्या आहेत हे नक्की झालं. ग्रहणाचा त्या दिवशीचा मोठा निकाल हा होता. पिवळी रेषाही दिसली (हीच पुढे हेलियमची ठरली), पण ती सोडियमची, म्हणजे डी रेषा असंच धरलं गेलं.

जान्सेनचं खरं श्रेय वेगळं आहे. रेषा इतक्या ठळक होत्या की ग्रहणाशिवायही त्या दिसाव्यात असं त्यांना वाटलं, आणि दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, गुंटूरच्या भर उन्हात त्यांनी त्या पाहिल्या. लॉकियरनी ग्रहण न पाहता, स्वतंत्रपणे, २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून तेच केलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच बैठकीत आली, २६ ऑक्टोबर १८६८ ला. फ्रान्सनं पुढे दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं, ते या पद्धतीबद्दल. हेलियमबद्दल नव्हे. 'जान्सेननी गुंटूरला हेलियम शोधला' हे वाक्यही म्हणून तितकंच ढिलं आहे. त्यांच्या पत्रात नव्या मूलद्रव्याचा विषयच नाही.

पिवळी रेषा सोडियमच्या जागी बसत नाही, जराशी सरकलेली आहे, हे लॉकियरनी लावून धरलं.

खाडीकाठ

मग किल्ल्यावरचे 'साहेबाचे कट्टे' कशाचे? गावात १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो. पर्यटनाच्या माहितीतही हेच येतं. कट्टे तर डोळ्यांसमोर आहेत.

वर्णपट

@खाडीकाठ, कट्ट्यांचा संबंध १८९८ शी लावा म्हणजे सगळं जुळतं.

लॉकियरची भारतातली पहिली ग्रहणमोहीम डिसेंबर १८७१ ची, केरळातल्या बेकल इथली. दुसरी जानेवारी १८९८ ची, विजयदुर्गची. तळ किल्ल्यातच होता. मदतीला 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेचे खलाशी होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात कोणी कुठली काच बदलायची, कोणी मोठ्यानं सेकंद मोजायचे, कोणी प्रभेचं, म्हणजे सूर्याभोवतीच्या तेजोवलयाचं, चित्र काढायचं, याची रोज तालीम घेतली जात होती. मुख्य उपकरण होतं भिंगापुढे लोलक लावलेला कॅमेरा. त्यात प्रकाश आत घेणारी नेहमीची अरुंद फटच नसते. ग्रहणात सूर्याची उरलेली बारीक कोर हीच फट होते, आणि प्रत्येक रेषा कोरीच्या आकाराची, कमानीसारखी उमटते. असे जड कॅमेरे हलू नयेत म्हणून पक्क्या चौथऱ्यांची गरज असतेच.

आता बघा, १८९८ हे साल महाराष्ट्रासाठी किती मोलाचं आहे. त्या ग्रहणाचा पट्टा विजयदुर्गवरून ईशान्येला गेला. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल, आणि पुण्याहून प्रा. कावसजी नायगमवाला. वर्ध्याजवळच्या पुलगावला न्यूऑल. वऱ्हाडात तळणीला ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची तुकडी. तिथेच ॲनी मॉन्डर यांनी प्रभेचा एक फार लांब झोत छायाचित्रात पकडला. 'हेलियम आमच्याकडे सापडला' या एका चुकीच्या वाक्यापायी हा सगळा खरा इतिहास झाकला जातो, याचं वाईट वाटतं.

नायगमवालांवर प्रश्न असा करता येईल: 'पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या वेधशाळेचे प्रमुख कोण?' वेधशाळेचं नाव महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा. दुर्बीण ग्रबची, २० इंची आरशाची. वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

फिरकी

एक मूलभूत शंका. ग्रहणाशिवाय सूर्याच्या कडेच्या ज्वाळा दिसत नाहीत, कारण आकाशाचा उजेड त्यांना गिळून टाकतो. मग वर्णपटदर्शी लावल्यावर त्या दिसायला लागतात, हे कसं? उजेड तर तेवढाच आत येतो ना?

वर्णपट

उजेड तेवढाच येतो, पण पसरतो वेगवेगळा.

आकाशाचा उजेड म्हणजे विखुरलेला सूर्यप्रकाशच. त्यात सगळे रंग सलग असतात. लोलक वाढवत गेलं की हा सलग पट्टा लांबत जातो आणि दर ठिकाणी फिका पडतो. ज्वाळेचा प्रकाश मात्र मोजक्या तरंगलांब्यांचा. रेषा लोलकांमुळे एकमेकींपासून दूर जातात, पण प्रत्येक रेषा रेषाच राहते, तिचा उजेड पातळ होत नाही. अपस्करण, म्हणजे रंगांचं हे फाकणं, पुरेसं वाढलं की पार्श्वभूमी काळोखी होते आणि रेषा वर येते. लॉकियर एका लोलकाच्या साध्या उपकरणावर अडले होते ते यामुळेच. १८६८ च्या ऑक्टोबरमध्ये ब्राउनिंग या कारागिरानं बनवलेलं जास्त लोलकांचं उपकरण हाती आलं, ते त्यांनी आपल्या सव्वासहा इंची दुर्बिणीला जोडलं, आणि काही दिवसांतच काम झालं.

फट सूर्याच्या कडेला लावायची असते. तबकडीवर लावली तर झगमगाटात काही हाती लागत नाही. पुढे १८६९ च्या फेब्रुवारीत विल्यम हगिन्सनी फट रुंद केली, आणि मग रेषेऐवजी अख्ख्या ज्वाळेचा आकारच दिसू लागला.

रसायनी

इथे एक महत्त्वाची भर. हेलियम सूर्यात हायड्रोजनखालोखाल भरपूर आहे, तरी सूर्याच्या वर्णपटातल्या फ्राउनहोफरच्या शेकडो काळ्या रेषांमध्ये ही पिवळी रेषा नव्हती. कारण अणूच्या रचनेत आहे. ही रेषा अणूच्या ज्या ऊर्जापातळीवरून सुरू होते ती तळाच्या पातळीपेक्षा जवळजवळ २१ इलेक्ट्रॉनव्होल्ट वर आहे. सूर्याचा दृश्य पृष्ठभाग साधारण ५८०० केल्विनचा. तेवढ्या तापमानाला अणू त्या पातळीवर पोहोचतच नाहीत म्हटलं तरी चालेल. कडेच्या वातावरणात आणि ज्वाळांत अतिनील किरणांचा मारा जास्त, म्हणून तिथे ती उजळते. त्यामुळे कडेकडे पाहिल्याखेरीज हेलियम सापडणारच नव्हता.

आकडे असे. सोडियमची डी-१ रेषा ५८९.६ नॅनोमीटर, डी-२ ५८९.० नॅनोमीटर. नवी डी-३ ५८७.६. म्हणजे फरक जेमतेम दीड नॅनोमीटरचा. ग्रहणाच्या घाईत तो सुटला यात नवल नाही.

पुढचे टप्पे:

लॉकियरनी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासोबत हायड्रोजनवर दाब आणि तापमान बदलून ही रेषा काढता येते का ते पाहिलं. निघाली नाही. 'हेलियम' हे नाव जाहीरपणे पहिल्यांदा उच्चारलं ते विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन यांनी, १८७१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या एडिंबरोच्या अध्यक्षीय भाषणात. त्यानंतरही बरेच रसायनशास्त्रज्ञ साशंकच होते. हातात नमुना नाही, तर मूलद्रव्य कसलं?

नमुना मिळाला मार्च १८९५ मध्ये. लंडनला विल्यम रॅम्झी आरगॉनचा माग काढत होते. अमेरिकेत हिलेब्रँड यांना युरेनियमच्या खनिजावर आम्ल टाकल्यावर एक निष्क्रिय वायू मिळाला होता आणि त्यांनी तो नायट्रोजन समजला होता. रॅम्झींनी क्लेव्हाइट या युरेनियमच्याच खनिजावर आम्ल टाकलं. निघालेल्या वायूत ऑक्सिजन मिसळून ठिणग्या पाडल्या, म्हणजे नायट्रोजनचं ऑक्साइड होऊन ते अल्कलीत शोषलं जातं. उरलेला वायू नळीत भरून वर्णपट पाहिला, तर पिवळी रेषा. विल्यम क्रुक्सनी मोजून ती डी-३ च असल्याचं सांगितलं. स्वीडनमध्ये उप्सालाला क्लेव्ह आणि लांगलेट यांनाही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तो मिळाला, आणि अणुभार त्यांनीच आधी मोजला.

यानंतरची अडचण मला सगळ्यांत आवडते. रुंगे आणि पाशेन यांना जर्मनीत दिसलं, की प्रयोगशाळेतल्या वायूची पिवळी रेषा एक नसून दोन आहेत, अगदी खेटून. सूर्यातली तर एकच मानलेली. मग हा वायू तोच कशावरून? खगोलशास्त्रज्ञांनी पुन्हा सूर्याकडे बारकाईनं पाहिलं, आणि तिथलीही रेषा दुहेरीच निघाली. ओळख पक्की झाली ती इथे.

पाटीपेन्सिल

@रसायनी, उत्तम. यावरून एका प्रश्नाचे पाच होतात:

'१९ ऑगस्ट १८६८ ला गुंटूरहून ग्रहण नसताना सूर्यज्वाळांच्या रेषा कोणी पाहिल्या?' जान्सेन.
'डी-३ रेषा सोडियमची नाही हे कोणी लावून धरलं?' लॉकियर.
'हेलियम हे नाव १८७१ च्या भाषणात कोणी जाहीर केलं?' थॉमसन.
'क्लेव्हाइटमधून हेलियम कोणी वेगळा केला?' रॅम्झी.
'१८९८ चं ग्रहण पाहायला लॉकियर कोणत्या किल्ल्यावर आले?' विजयदुर्ग.

किल्लाही राहिला. @खाडीकाठ, फलकावरच्या मजकुरात एवढाच बदल झाला तरी पुरे.

खाडीकाठ

पटलं. १८९८ चं साल लिहिलं तर किल्ल्याचं महत्त्व कमी होत नाही, उलट सांगण्यासारखं जास्त आहे. खलाशांच्या तालमीवर तर शाळेची मुलं नाटुकलं करतील.

फिरकी

हा दीड नॅनोमीटरचा फरक मुलांना प्रत्यक्ष दाखवता येईल का? सीडीच्या तुकड्यावर?

वर्णपट

सीडीवर कठीण, डीव्हीडीवर जमतं. सीडीच्या दोन खाचांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर, डीव्हीडीचं ०.७४. पिवळ्या प्रकाशात दीड नॅनोमीटरचा फरक सीडी साधारण १ मिलिरेडियननं (हे कोनाचं छोटं एकक) उघडते, डीव्हीडी ३ मिलिरेडियनपेक्षा थोडा जास्त. डोळ्याला दुसरा आरामात कळतो.

कृती: कोरी डीव्हीडी घ्या. कडेकडून ब्लेडनं तिचे दोन थर उकला. पारदर्शक थरावरचा जांभळा रंग स्पिरिटनं धुवा, पुसू नका. बाहेरच्या कडेजवळचा २ सेंमी बाय २ सेंमी तुकडा कापा. आतल्या बाजूला खाचांचा बाक जास्त असतो आणि रेषा वाकड्या दिसतात. आतून काळा कागद लावलेलं २५ सेंमी लांब खोकं. एका टोकाला दाढीच्या ब्लेडच्या दोन धारा समोरासमोर चिकटवून फट. मध्ये छपाईचा साधा कागद धरून ब्लेड चिकटवलं आणि मग कागद काढला, की अंतर ०.१ मिमीच्या आसपास येतं. दुसऱ्या टोकाला डीव्हीडीचा तुकडा, खाचा फटीला समांतर. पिवळा रंग सरळ रेषेपासून सुमारे ५३ अंशांवर दिसतो, त्यामुळे डोळा बाजूला तिरका लावायचा.

बिघाड कुठे होतात ते सांगतो. रेषा तिरक्या आणि फुगीर दिसल्या तर खाचा आणि फट समांतर नाहीत, तुकडा किंचित फिरवा. वर्णपटावर आडव्या काळ्या रेघा आल्या तर फटीत धूळ आहे. रेषा रुंद असतील तर फट रुंद आहे.

सोडियमसाठी मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवलेली वात स्पिरिटच्या दिव्यावर धरा. रस्त्यावरचे जुने सोनेरी सोडियम दिवे घेऊ नका. ते उच्च दाबाचे असतात, डी रेषा पसरट होते आणि मधोमध काळी पडते. हेलियमसाठी कॉलेजच्या प्रयोगशाळेतली वर्णपट नळी. तिच्यावर काही हजार व्होल्टचा दाब असतो, म्हणून ती शिक्षकांनीच हाताळायची. अर्धा मिनिट चालू, मग बंद. आधी सोडियम दाखवून रेषेच्या जागी खूण करा, मग खोकं न हलवता हेलियम.

दोन फसव्या रेषा ध्यानात ठेवा. टेस्टरमधल्या छोट्या दिव्यात निऑन असतो, त्याच्या ५८५.२ आणि ५८८.२ ला रेषा आहेत. सीएफएल दिव्यात युरोपियममुळे ५८७ च्या आसपास फिकी रेषा येते. या दोन्हींना मुलं हटकून 'हेलियम' म्हणतात.

आणि सूर्याकडे थेट रोखायचं नाही, कधीच नाही. उन्हातला पांढरा कागद पाहायचा. त्यात सोडियमची डी रेषा काळी दिसते आणि डी-३ दिसत नाही. @रसायनी यांनी दिलेलं कारण तिथेच समोर येतं.

घोडनदी

दुसरा नासलेला प्रश्न: 'वाफेच्या इंजिनाचा शोध कोणी लावला?' छापील उत्तर जेम्स वॉट, आणि सोबत किटलीच्या उडणाऱ्या झाकणाची गोष्ट.

थॉमस न्यूकमेनचं इंजिन १७१२ मध्ये इंग्लंडात डडली किल्ल्याजवळच्या कोळशाच्या खाणीवर चालत होतं. मिनिटाला १२ फटके, दर फटक्याला १० गॅलन पाणी. वॉटचा जन्म १७३६ चा. झाकणाची गोष्ट तर वॉटच्या कामाच्या उलट दिशेला जाते. न्यूकमेनच्या इंजिनात वाफ दट्ट्याला ढकलत नाही. सिलिंडरमध्ये वाफ भरायची, आत गार पाणी फवारायचं, वाफेचं पाणी होऊन पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा दट्ट्या खाली दाबते.

१७६३-६४ च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठातलं या इंजिनाचं छोटं मॉडेल वॉटकडे दुरुस्तीला आलं. दुरुस्त झालं, पण थोडेच फटके मारून थांबायचं, बॉयलरला वाफ पुरवणं झेपत नव्हतं. लांबी-रुंदी-उंची निम्मी केली की घनफळ आठव्या हिश्शावर येतं, पण भिंतीचं क्षेत्रफळ चौथ्याच. म्हणजे वाफेच्या मानानं भिंत दुप्पट. दर फटक्याला गार केलेली भिंत पुन्हा तापवण्यातच वाफ संपते. मोठ्या इंजिनातही हीच नासाडी होत होती, छोट्या मॉडेलनं ती उघड केली. १७६५ मध्ये वॉटनं तोडगा काढला: सिलिंडर कायम गरम ठेवायचा आणि वाफ वेगळ्या गार भांड्यात, म्हणजे कंडेन्सरमध्ये, नेऊन तिथे तिचं पाणी करायचं. पेटंट १७६९ चं.

मात्र इंजिन विकण्याजोगं व्हायला १७७६ उजाडलं. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यातून गळती थांबेना. जॉन विल्किन्सनच्या यंत्रानं सिलिंडर आतून अचूक कोरून दिले तेव्हा गाडं पुढे सरकलं. ५० इंची सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही चूक नाही, असं वॉटचा भागीदार बोल्टननं लिहून ठेवलंय.

दुरुस्त प्रश्न: 'वेगळा कंडेन्सर कोणाचा?' आणि 'वॉटचे सिलिंडर कोणी कोरून दिले?'

साखरगाठी

रेडिओचा प्रश्नही घ्या. 'रेडिओचा शोध: मार्कोनी की जगदीशचंद्र बोस?' यावर दरवर्षी वाद.

वर्णपट

प्रश्नच चुकीचा, म्हणून वाद. बोस यांचं काम सूक्ष्म तरंगांचं, अगदी ५ मिलिमीटरपर्यंतच्या. त्यांनी अशा तरंगांसाठी शिंगाच्या आकाराचे अँटेना, ध्रुवक, लोलक बनवले आणि त्यांचे गुणधर्म मोजले. मार्कोनीचं काम लांब तरंगांवर दूरचा संदेश पाठवायचं, १२ डिसेंबर १९०१ ला पोल्डूहून अटलांटिकपार. बोस यांच्यावरचा पक्का प्रश्न असा: 'गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या स्फटिकाचा संवेदक वापरणारं, १९०४ मध्ये मिळालेलं अमेरिकन पेटंट कोणाचं?' अर्धवाहकाचा असा वापर इतक्या लवकर, ही त्यांची मोठी गोष्ट आहे. त्यासाठी मार्कोनीला खाली ओढायची गरज नाही.

साखरगाठी

आणि शिवकर बापूजी तळपदे? १८९५, चौपाटी, पहिलं विमान?

घोडनदी

प्रश्नसंचात घेऊ नका. उड्डाण झाल्याचा त्या काळातला भरवशाचा पुरावा पुढे आलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा आधार देतात तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये दाखवलं. राइट बंधूंवर विचारायचं तर १७ डिसेंबर १९०३ च्या चार उड्डाणांपैकी शेवटचं विचारा: ५९ सेकंद, ८५२ फूट. पहिलं फक्त १२ सेकंदांचं होतं. त्यांचं खरं काम तिन्ही अक्षांवर विमान ताब्यात ठेवण्याचं, आणि १९०१ मध्ये वाऱ्याच्या बोगद्यात पंखांचे नमुने तपासण्याचं.

रसायनी

मुंबईचा अस्सल विषय हवा तर हाफकिन घ्या. 'प्लेगच्या लशीचा शोध कुठे लागला?' याचं उत्तर निर्विवाद मुंबई आहे. तरी प्रश्न नाव विचारून थांबतो, आणि कामाची पद्धत फारच विलक्षण आहे.

जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये प्लेगच्या साथीत मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधली तोकडी जागा, हाताखाली मोजकी माणसं. जंतू वाढवायला पातळ सूप लागतं. युरोपात ते गाईच्या मांसाचं करत. इथे ते चालणारं नव्हतं, म्हणून बोकडाचं मांस आम्लात पचवून वापरलं. सुपावर तुपाचे थेंब सोडले. प्लेगचे जंतू त्या तरंगत्या थेंबांना धरून, हवेजवळ, वाढतात आणि खाली गुहेतल्या झुंबरांसारखे लोंबतात. चंबू हलवला की लोंबणारी वाढ तुटून तळाशी बसते आणि थेंबांखाली नवी सुरू होते. असं पाच-सहा आठवडे. या वाढीचा दुसरा उपयोग असा, की चंबूत प्लेगचेच जंतू आहेत का हे नुसत्या डोळ्यांना कळतं. एरवी चंबू हलला तर झुंबरं तुटतात, म्हणून मधल्या काळात तो स्थिर ठेवावा लागतो.

मग ६५ ते ७० अंश सेल्सिअसला तासभर तापवून जंतू मारायचे आणि लस टिकावी म्हणून अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल हे जंतुनाशक घालायचं. १० जानेवारी १८९७ ला हाफकिननी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ पसरल्यावर तिथल्या कैद्यांपैकी तयार असलेल्यांना दिली आणि न घेतलेल्यांशी तुलना केली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. तिला हाफकिनचं नाव मिळालं १९२५ मध्ये.

साखरगाठी

पंजाबातल्या दुर्घटनेनंतर त्यांना काढून टाकलं होतं ना? त्यावर प्रश्न घ्यावा की नको?

रसायनी

जरूर घ्यावा. पण कारणासकट.

मालकोवाल गाव, ३० ऑक्टोबर १९०२. पाच बाटल्यांमधून १०७ जणांना लस टोचली. १९ जण धनुर्वातानं गेले. सगळे ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतून टोचलेले. चौकशीनं दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिनना पदावरून बाजूला केलं.

नोंदी मात्र दुसरीकडे बोट दाखवतात. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत न धरता नुसता कार्बोलिकच्या द्रावणात हलवून पुन्हा वापरला. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात आणि कार्बोलिकमध्ये क्षणभर बुडवल्यानं मरत नाहीत. बाटली भरून ४१ दिवस झाले होते. एवढे दिवस ते जंतू आत वाढत असते तर झाकण काढताच दुर्गंधी आली असती, आणि उघडणाऱ्याला तसा वास आला नव्हता. मलेरियाचा डासांशी संबंध दाखवणारे रोनाल्ड रॉस यांनी १९०७ मध्ये हे मुद्दे जाहीरपणे मांडले. त्याच वर्षी हाफकिन यांच्यावरचा ठपका गेला आणि त्यांना पुन्हा नेमणूक मिळाली, पण कलकत्त्यात.

प्रश्न असा लिहा: 'मालकोवालच्या ५३-एन बाटलीत धनुर्वाताचे जंतू कधी शिरले असावेत, भरताना की उघडताना? नोंदीतली दोन कारणं द्या.' दोन गुण ठेवा. चिमटा एक, वास दुसरा.